बांधावरची आणि परड्यातली खाण्या-औषधाची झाडं : नोंदवहीत नावापुढे काय लिहायचं?

वरकस

जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्यातून गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही करायचं काम आलं. वहीत तक्ता असतो : स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. उपयोगाच्या रकान्यात 'भाजी', 'खोकल्यावर', 'पोटदुखीवर' एवढंच लिहून पान उलटलं, तर खरं ज्ञान वहीच्या बाहेरच राहतं. शेवळाची भाजी होते हे सगळ्यांना माहीत आहे. ती काकडाशिवाय, म्हणजे काकड झाडाच्या आंबट फळांशिवाय केली तर घसा धरते, हे लिहायला हवं.

म्हणून हा धागा. कोकण, मावळ, जुन्नर-आंबेगाव, अकोले, जव्हार-मोखाडा या सह्याद्रीच्या पट्ट्यात लोक बांधावर, परड्यात आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर जी झाडं-वेली राखून ठेवतात, त्या प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहूया : नेमका कोणता भाग, काढायची वेळ, खाण्याजोगा करायची रीत, मागे काय ठेवायचं. जमलं तर पाचवी : शेतात तिची जागा कुठली आणि का.

पहिली नोंद, शेवळ. पहिल्या एक-दोन पावसांनंतर, पान फुटायच्या आधी जमिनीतून नुसता फुलाचा कोंब वर येतो. तोच खायचा. बाहेरची जून आवरणं सोलायची. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळसर दाणेदार भाग असतो तो कापून टाकायचा. सगळ्यात जास्त खाज तिथेच. हाताला तेल लावूनच चिरायचं. एका जुडीला आठ-दहा काकडं घ्यायची, ठेचून बिया वेगळ्या करायच्या, रस गाळायचा. शेवळं तेलावर चांगली परतून मग हा रस घालून मंद आचेवर शिजवायची. काकड मिळालं नाही तर चिंच किंवा आमसूल. कंद उकरायचा नाही. दर तीन कोंबांतला एक सोडायचा. जागा : बांधाच्या पायथ्याशी, झाडाच्या सावलीत, जिथे नांगराचा फाळ पोहोचत नाही.

चुकलं असेल तर सांगा, वही पेन्सिलीने लिहिली आहे.

रानहळद

वरकसदादा, नोंद चांगली आहे, पण एक खोडरबर लागेल. 'काकडाच्या आंबटाने खाज मरते' असं लिहिणार असाल तर जरा थांबा. शेवळ, सुरण, अळू यांची खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे असते. त्या सुया पाण्यात विरघळत नाहीत, आणि चिंच-काकडाच्या आंबटाने पूर्ण विरघळतील इतकं ते आंबट तीव्रही नसतं. सुयांबरोबर काही प्रथिनंही असतात, ती जखमेत शिरून जळजळ वाढवतात. ती उष्णतेने निकामी होतात. म्हणजे खरं काम दीर्घ शिजवण्याचं. आंबटाची आणि तेलाची त्याला मदत. याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की भरपूर काकड घातलं म्हणून भाजी अर्धी कच्ची उतरवून चालत नाही. घसा धरल्याच्या तक्रारी बहुधा अशाच भाजीच्या असतात.

म्हणून वहीत कारण लिहू नका, रीत लिहा. रीत बरोबर आहे.

डोंगरउतार

+1. रीत आणि कारण यांचे रकाने वेगळे ठेवा. कारण बदलत राहतं.

निळीशेंग

कुड्याबद्दल लिहितो, कारण 'कुडा' एवढंच लिहिलं तर नोंद धोक्याची होते. या एका नावाखाली दोन झाडं येतात.

पांढरा कुडा म्हणजे होलारेना प्युबेसेन्स. आव-अतिसारावर याचीच साल आणि याच्याच बिया, म्हणजे कडू इंद्रजव. काळा कुडा म्हणजे रायटिया टिंक्टोरिया, त्याच्या बिया गोड इंद्रजव. दोन्हींना समोरासमोर पानं, दोन्हींत पांढरा चीक, दोन्हींना जोडीने लटकणाऱ्या लांब शेंगा. लांबून पाहून भले भले फसतात.

ओळख अशी. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. पांढऱ्याच्या दोन शेंगा सुरुवातीपासून सुट्या. काळ्या कुड्याचा पाला ठेचून ठेवला की वाळताना निळसर पडतो, एके काळी त्यापासून नीळ काढत. शंका राहिलीच तर वाळलेल्या बीचा कण जिभेवर ठेवून थुंकून टाका : कडूजहर लागला तर पांढरा. बाजारात कडवात गोड मिसळलेलं मिळतं आणि मग 'इंद्रजव दिला तरी गुण आला नाही' असं म्हणतात.

आता साल. खोडाभोवती गोल साल काढली की झाड गेलं, कारण पानात तयार झालेलं अन्न मुळापर्यंत नेणारा थर सालीतच असतो. मनगटापेक्षा जाड खोड निवडा. साल उभ्या पट्टीत काढा, पट्टीची रुंदी घेराच्या पावापेक्षा कमी. आतला ओलसर, गुळगुळीत थर लाकडावर राहू द्या, तो खरवडायचा नाही. जखमेवर शेण-मातीचा लेप. पुढची पट्टी निदान दोन वर्षांनी आणि विरुद्ध बाजूने. ऐन पावसाळ्यात साल काढू नका. जखमेत बुरशी शिरते आणि काढलेली साल वाळतही नाही, काळी पडते.

फुलांची भाजी पांढऱ्या कुड्याची. ती उकळून, पिळून, पाणी टाकून मग फोडणीला.

कोवळीपानं

वाचनखूण साठवली. फोडशीबद्दल कोणी लिहील का? यंदा एका ठिकाणच्या वहीच्या मसुद्यात फोडशी आणि सफेद मुसळी दोन वेगळ्या वनस्पती म्हणून लिहिलेल्या पाहिल्या.

रानहळद

कोवळीपानं, फोडशी, कुलू, कोळीची भाजी ही नावं क्लोरोफायटम गटातल्या वनस्पतींची. त्यातली एक बोरिविलियानम, नावातच बोरिवली आहे. पानं काढली की फोडशी आणि मुळं काढली की सफेद मुसळी. म्हणजे एकाच झाडाच्या दोन नोंदी, आणि त्या एकमेकींच्या मुळावर उठणाऱ्या. भाजीवाल्यांनी पानं खुडली तर झाड पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. मुळं उपटली की संपलं. वहीत हे एकाच ओळीत आलं पाहिजे.

पानं जमिनीपासून दोन बोटं वर कापायची, ओढायची नाहीत. साफ करताना बुडाकडचा पांढरा दांडा आणि त्याच्या आतला कडक भाग काढून टाकायचा. फुलाचा दांडा आल्यावर पानं जून होतात, तेव्हा भाजी संपली असं समजायचं. ती फुलं बीसाठी सोडायची.

आणि धोका. त्याच दिवसांत, तशाच जागी कळलावी उगवते. कोवळा कोंब हिरवा, रसरशीत, घाईत ओरबाडताना फोडशीच्या मुठीत सहज येतो. कळलावीत कोल्चिसीन असतं आणि ते जीवघेणं आहे. उकळून जात नाही. फरक पाहायला सोपा आहे : फोडशीची पानं गवतासारखी थेट जमिनीतून, झुबक्याने येतात. कळलावीला उभा दांडा असतो, पानं त्या दांड्यावर येतात आणि पानाचं टोक पुढे लांबून तणाव्यासारखं वळतं. कोंब फार कोवळा असेल तर टोक अजून वळलेलं नसतं, पण दांडा असतोच. म्हणून भाजी साफ करताना दांडा दिसला की ती काडी बाजूला. कळलावीचा कंदही कोणी कणगी, म्हणजे खायचा कंद, समजून भाजू नये.

वरकस

हे सगळ्यात वर घेतो. 'सारखी दिसणारी विषारी वनस्पती' असा रकानाच हवा. पाचाचे सहा झाले.

हिरडमाळ

त्या रकान्यात गुळवेलही घाला. गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची बहीण टिनोस्पोरा क्रिस्पा शोभेची किंवा 'जास्त जोमदार गुळवेल' म्हणून कुंपणावर लावलेली दिसते. आयुष मंत्रालयाने 2022 मध्ये या दोघींतला फरक सांगणारी सूचना काढली होती. गुळवेलीचं खोड हिरवट, त्यावर गाठी-चामखिळी नसतात, चीक दुधाळ नाही, फुलाला सहा पाकळ्या, फळं गोल आणि लाल. क्रिस्पाचं खोड राखाडी, अंगभर टेंगळं, चीक दुधाळ, पाकळ्या तीन, फळ लांबट आणि नारिंगी. फूल-फळ नसेल तेव्हा खोडावर बोट फिरवा, टेंगळं लागली की सोडून द्या. ज्यांना यकृताचा आजार आहे त्यांनी खरी गुळवेलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सत्त्व काढायची रीतही लिहून ठेवतो, कारण ती अर्धवट सांगितली जाते. अंगठ्याएवढ्या जाडीचं ताजं खोड 1 किलो. वरची कागदासारखी साल खरवडा, दोन-दोन इंचांचे तुकडे करा, धागे सुटेपर्यंत ठेचा. 4 लिटर पाण्यात रात्रभर. सकाळी त्याच पाण्यात हाताने कुस्करून चोथा काढा, दुपदरी फडक्यातून गाळा, भांडं न हलवता पाच-सहा तास ठेवा. वरचं पाणी हळूच ओता. तळाला राहिलेल्या थरावर पुन्हा स्वच्छ पाणी घालून ढवळा, निवू द्या, ओता. मग ताटात पातळ पसरून वाळवा. एका किलोतून काही ग्रॅमच हाती येतं. कोणी वाटीभर काढून दाखवलं तर त्यात दुसरा स्टार्च आहे. गरम दिवसांत पाणी रात्रीतून आंबतं आणि सत्त्वाला वास येतो, म्हणून थंडीतलं काम. काढताना वेल मुळापासून तोडायचा नाही. झाडावर चढलेल्या वेलाच्या मधला भाग घ्यायचा. वर राहिलेला तुकडा हवेतली मुळं खाली सोडून स्वतःला सावरतो.

हिरड्यावर सविस्तर नंतर लिहितो.

आगरातला

किंचित विषयांतर वाटेल, पण धाग्याच्या मथळ्यात 'बांधावरची' आहे म्हणून जागेबद्दल. वनस्पतींच्या याद्या खूप होतात. कोणती कुठे लावली की दोघींचं भलं होतं, हे कोणी लिहीत नाही.

आधी सावली. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, सावली उत्तरेला पडते. शेताच्या दक्षिणेच्या बांधावर उंच झाडं लावली तर रब्बीचं पीक सावलीत जातं. उत्तरेच्या बांधावर लावली तर तुमचं पीक वाचतं, पण सावली शेजाऱ्याच्या शेतात जाते. तेव्हा लावायच्या आधी त्याच्याशी बोला. अर्धी भांडणं मोजणीची नसतात, सावलीची असतात. पश्चिमेच्या बांधावर झाडं असली की दुपारनंतरची उन्हाची झळ अडते, तिथे आंबा, हिरडा, बेहडा चालतात. झाडांच्या ओळीपासून दीड-दोन मीटरवर 60 सेंमी खोल चर काढला की वरची मुळं तुटतात आणि पिकाच्या ओलीवर येत नाहीत. चर बुजला की पुन्हा काढावा लागतो.

मग थर. मोठ्या झाडाच्या घट्ट सावलीत फार काही होत नाही, फणसाखाली तर नाहीच. पण विरळ, हलणारी सावली जिथे आहे, म्हणजे नारळाच्या बागेत किंवा छाटलेल्या झाडांमध्ये, तिथे हळद, आंबेहळद, आलं, सुरण नीट येतात. सुरणाला 60 सेंमी लांब-रुंद आणि 45 सेंमी खोल खड्डा, दोन खड्ड्यांत 90 सेंमी. अर्ध्या किलोचा तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यात मधल्या डोळ्याचा भाग यायलाच हवा; लोक कंद पोळीसारखा आडवा कापतात, मग एका तुकड्यात डोळा आणि बाकीचे कुजतात. डोळा मधे धरून उभे काप घ्यायचे. शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवायचे, एप्रिल-मेमध्ये लावायचे. आठ-नऊ महिन्यांनी पान पिवळं पडून आडवं झालं की काढायचा.

कोकमाबद्दल एक गोष्ट ठामपणे. बीपासून लावू नका. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी. बीच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते पाच-सात वर्षं सांभाळल्यावर कळतं. कलम घ्या, पण कलमाची काडी कुठली हे विचारा. सरळ वर वाढणाऱ्या फांदीची काडी असेल तर झाड सरळ जातं. आडव्या फांदीची असेल तर ते आयुष्यभर झुडपासारखं जमिनीलगत पसरतं. ते फळ देत नाही असं नाही, पण खालची जागा खातं, आणि आगरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, खालची जागा म्हणजे हळद. दोन झाडांत 6 मीटर. परागणासाठी एखादा नर राखावा.

डोंगरउतार

आगरातला, कुंपणाचं राहिलं. सहमत आहेच, भर म्हणून : कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी. दोन्हींना जनावर तोंड लावत नाही, दोन्ही छाटणी सोसतात. अडुळशाचा पाला भातखाचरात गाडला तर खत होतो, निरगुडीची वाळलेली पानं धान्यात ठेवतात. कापायला बारा महिने पाला, आणि औषधाला हवा तेव्हा हाताशी. अडुळसा गरोदरपणात द्यायचा नाही, हेही त्याच ओळीत लिहा.

आगरातला

बरोबर. आणि ज्यांना थरांची शेती ही नवी कल्पना वाटते त्यांनी जुना पानमळा पाहावा. आधी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा लावायचे, ती झाडं वर गेली की त्यांच्या सावलीत आणि आधाराने नागवेल. दर वर्षी वेल उतरवून त्याचं वेटोळं मातीत दाबायचं, तिथून नवी मुळं. आधाराच्या झाडांचा पाला जनावरांना, शेवग्याच्या शेंगा आणि हादग्याची फुलं घरात. हादग्याच्या फुलातला मधला दांडा आणि पुंकेसर काढले नाहीत तर भाजी कडू. देशाचं कृषिवानिकी धोरण 2014 साली आलं; पानमळेवाले त्याच्या कितीतरी आधीपासून तेच करत होते.

निळीशेंग

अवांतर : वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची नोंद कोणी करत असेल तर 'उकडून' एवढं लिहू नका. कच्च्या कोंबात सायनाइड सुटणारं द्रव्य असतं. पातळ काप, पाण्यात रात्रभर, पाणी फेका, मग झाकण न ठेवता उकळा आणि तेही पाणी फेका. झाकण ठेवलं तर जे उडून जायला हवं ते भांड्यातच राहतं. कापायला बेटाच्या आतले किंवा एकमेकांवर दाटलेले कोंब घ्या, बाहेरच्या कडेचे सोडा. बेट बाहेरच्या बाजूनेच वाढतं.

हिरडमाळ

आता हिरडा. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम भागात अनेक घरांचा उन्हाळा यावर चालतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

हिरडा म्हणजे एक माल नाही, तीन आहेत, आणि फरक केवळ वेळेचा. अठळी धरायच्या आधी गळलेलं किंवा झोडपून पाडलेलं कोवळं फळ वाळवलं की बाळहिरडा : लहान, काळा, सुरकुतलेला, फोडला तर आत एकसंध. अठळी धरली पण फळ पक्व नाही, तो चांभारी हिरडा. त्याचा उपयोग कातडी कमावायला. पूर्ण पिकलेला, पिवळसर, मोठा, तो सुरवारी हिरडा. त्रिफळ्यात सुरवारीची साल घालायची असते. बाळहिरडा घालून केलेलं त्रिफळा चूर्ण दिसायला काळपट होतं आणि वेगळं वागतं. साल मोजताना अठळी काढून वाळवलेल्या सालीचं वजन धरायचं. हिरडा, बेहडा, आवळा समभाग म्हणतात ते या वजनाचे. अख्खी फळं समभाग घेतली तर प्रमाण बिघडतं, कारण तिघांची अठळी सारखी नसते.

बाळहिरडा वाळवणं हेच अवघड काम. पहिले दोन दिवस पातळ थर, दिवसातून तीन-चार वेळा हलवायचा. जाड थर टाकला तर खालचा घामेजतो, पांढरी बुरशी धरते आणि व्यापारी आख्खं पोतं खालच्या प्रतीत टाकतो. मातीवर वाळवू नका, खडा चिकटतो. कडक उन्हात आठवडाभर लागतो. वाळलेला ओळखायचा तर मूठभर हलवा : खडखड आवाज आला पाहिजे. दातांत धरला तर दबता कामा नये. वळवाचं सावट आलं की रात्री झाकून ठेवा, एका भिजण्यात रंग जातो.

2020 च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या हिरड्याचं मोठं नुकसान केलं. त्यानंतर भरपाईच्या चर्चेत एक अडचण समोर आली : हिरडा हे पेरलेलं पीक नाही, मग नुकसान मोजायचं कसं. बांधावर किती झाडं, कोणत्या वयाची, एका झाडाचा सरासरी किती बाळहिरडा, हे कुठे लिहिलेलंच नसतं. म्हणून नोंदवहीत झाडांची मोजदाद आली पाहिजे. वरकसदादा, हा सातवा रकाना.

आणि मागे काय ठेवायचं : बाळहिरडा सगळा पाडला तर बी कुठून येणार? दहा झाडांत एक झाड पूर्ण पिकू द्यायचं. त्याची फळं रुजवायची असतील तर गर काढून अठळी वाळवा, रुंद टोकाकडून जरा छाटा, आतल्या बीला धक्का लागू न देता, आणि 36 तास गार पाण्यात ठेवून पेरा. नुसती अठळी पुरली तर बरीच उगवतच नाहीत, कवच कठीण असतं. बांधावर नवी रोपं दिसत नाहीत त्याचं एक कारण हे, दुसरं चराई. काटेरी फांद्यांचं कोंडाळं पहिली तीन-चार वर्षं तरी लागतं.

कोवळीपानं

हिरडमाळ, हे प्रतिसादात नको, वेगळा धागाच काढा.

मोहट्या

मोहाचं थोडक्यात. फुलं पहाटेपासून गळतात, ऊन चढायच्या आत वेचायची. झाडाखाली पाचोळा जाळून जागा साफ करायची रीत सोडा : रोपं मरतात, आग रानात जाते, आणि फुलांना राख-माती लागते. झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी जमिनीपासून हातभर वर बांधली की फुलं स्वच्छ मिळतात आणि वाकायचं वाचतं. तीन-चार दिवस वाळवून लालसर-तपकिरी, कुरकुरीत झाली की हवाबंद भरा. जरा ओल राहिली तर आंबतात. रांधायच्या आधी आतले केसर झटकून काढायचे, नाहीतर तोंडात टोचतात. त्याच झाडाच्या बिया, मोहट्या, पावसाच्या तोंडाशी, त्यांचं तेल. म्हणून फांद्या तोडून फुलं पाडणारा एका वर्षात दोन पिकं घालवतो.

डोंगरउतार

एक अप्रिय मुद्दा. हे सगळं उघड लिहायचं का? वैदू, भगत यांच्याकडची काही औषधं त्यांनी सांगितली ती विश्वासाने. ती वहीत गेली आणि वही कोणाच्या हाती पडली तर?

निळीशेंग

प्रश्न रास्त आहे. दोन्ही बाजू आहेत. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं, ते जुने लिखित पुरावे दाखवता आले म्हणून. लिहिलेलं नसतं तर दाखवलं काय असतं? उलट, 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना जैवविविधता कायद्याच्या काही बंधनांतून सूट मिळाली. गावातलं तोंडी ज्ञान ग्रंथबद्ध नाही, त्यामुळे त्याचा हक्क गावाकडे आहे हे सिद्ध करायला नोंद कामाला येते. वनहक्क कायदा 2006 मध्येही जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे.

म्हणून माझं मत : भाज्या, कंद, काढायची वेळ, मागे काय ठेवायचं, हे सगळं उघड. नेमक्या रोगावरचं मिश्रण आणि मात्रा सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय नाही. संमती दिली तर त्याचं नाव नोंदीत, पण ते पान ग्रामसभेच्या ताब्यात गोपनीय. आणि मात्रा वाचून घरी प्रयोग करणारे असतातच, त्यांच्यापासूनही ते पान लांब बरं.

रानहळद

सहमत. आणि सांगणाऱ्यांत बायका जास्त असतात हे विसरू नका. कोणत्या बांधावरचा करांदा (वेलावर लागणारा कंद) कडू आणि कोणता गोड, हे बहुतेक ठिकाणी त्यांनाच विचारावं लागतं. सही मात्र घरच्या पुरुषाची घेतली जाते.

वरकस

वही सुधारली. नमुना म्हणून करांद्याची नोंद पूर्ण भरून टाकतो, यावर शेवटची लाल रेघ मारा.

स्थानिक नाव : करांदा. शास्त्रीय : डायोस्कोरिया बल्बिफेरा.
ओळख : पान साधं, हृदयाकृती. खोड गोल, बिनकाटेरी. वेलावर, पानाच्या बगलेत करांदे लागतात. 
गफलत : कोनफळाचं खोड चौकोनी, कडांना पंखासारख्या पट्ट्या, आणि ते करांद्याच्या उलट दिशेने वळसे घेतं. काटेकणगीच्या खोडाला काटे. चाईचं पान तीन ते पाच दलांचं.
भाग : वेलावरचे करांदे.
वेळ : वेल पिवळा पडून वाळू लागला की, दिवाळीच्या पुढे. सहज हाताला सुटला तर तयार.
रीत : गोड जातीचे मीठ घालून उकडून, सोलून. कडू जातीचे कधीही कच्चे नाहीत, यकृताला अपाय होतो. पातळ काप, राख घालून उकळायचे, पाणी फेकायचं, मग टोपलीत घालून वाहत्या पाण्यात रात्रभर. चाखून पाहायचं, कडू लागलं तर पुन्हा.
मागे ठेवणे : जमिनीतला कंद तसाच. बियाण्याला सुपारीपेक्षा मोठे करांदे, कोरड्या राखेत.
जागा : एप्रिल-मेमध्ये बांधावरच्या पांगाऱ्याच्या बुडाशी. आंब्यावर चढवू नये.
मोजदाद : बांध क्रमांक, वेल किती, त्यांत कडू किती.
सांगणारी :

रानहळद

एकच दुरुस्ती. कडू आणि गोड करांद्यांचं बियाणं एकाच राखेत ठेवू नका. वाळल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि मे महिन्यात चाखून लावायला कोणी बसत नाही. कडवाच्या टोपलीला लाल चिंधी बांधतात, ते 'मागे ठेवणे'मध्ये लिहा.